सुरी हातबॅगेतच जाणार!

बायकोची बॅग विमानाच्या पोटात द्यायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. यात माझं काय चुकलं, ते मला अजून कोणीही नीट सांगितलेलं नाही. बायको म्हणते, "सगळंच." पण हे काही नीट सांगणं नव्हे. एकतीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला 'सगळंच' हे उत्तर चालत नाही. कोणी, कधी, कुठे, कसं ते सांगा, मग बघू.

ते कोणी सांगत नाही म्हणून मीच सांगतो.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती पोहायला शिकली. त्याआधी ती बादलीतल्या पाण्याशीसुद्धा जपून वागायची. मी म्हटलं, चला, व्यायाम होईल. तर एकावन्नाव्या वर्षी तिने जाहीर केलं की आता तिला समुद्राच्या तळाशी जायचंय. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायात बदकासारख्या लांबलचक फिन्स.

"कशाला?" मी विचारलं.

"बघायला."

("काय?" असं मी विचारलं नाही. एवढी अक्कल मला आहे.)

शिकवणारी मुलगी तिचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. शाळेत असताना म्हणे गणितात काठावर पास व्हायची. आता माणसांना समुद्राखाली नेते आणि नेली तेवढी परत वर आणते, म्हणजे बेरीज-वजाबाकी मागाहून पक्की झाली असावी. तरणतलावातलं शिक्षण संपलं. उरली समुद्रातली परीक्षा, एका दिवसात दोन बुड्या. त्यासाठी लांबच्या एका बेटावर जायचं होतं. तिथे दिवसातून एकच विमान जातं. बोट शनिवारी सकाळी सातला सुटणार होती, आणि त्यानंतरच्या आठवड्यात समुद्र खवळतो, तो पाच महिने कोणाचं ऐकत नाही.

"मला यंदाच जमेल," बायको म्हणाली. "मध्ये पाच महिने गेले तर मी पुन्हा बादलीला घाबरायला लागेन. मी ओळखते ना मला."

हे ती पेपर तपासता तपासता, मान वर न करता म्हणाली. ती मान वर न करता जे बोलते, ते अगदी खरं असतं.

त्या मुलीने सामानाची यादी पाठवली होती. त्यात खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'कापायची किमान दोन साधनं प्रत्येकाने स्वतःची आणायची. उसनी मिळणार नाहीत. नसतील त्याला पाण्यात उतरता येणार नाही.' कारण त्या बेटाभोवती कोळ्यांची जुनी, तुटलेली जाळी पाण्यात लोंबत असतात. पाय अडकला तर खाली हाका मारायची सोय नाही. आपलं आपण कापायचं आणि सुटायचं. (ही पद्धत संसारात असती तर काय झालं असतं, यावर बायकोने एकदा विचार केला होता, असं तिनेच मला सांगितलंय.)

गणिताची बाई असल्यामुळे किमान दोन म्हटल्यावर तिने तीन घेतली. एक बोथट टोकाची सुरी, एक जाडजूड कात्री आणि एक आकड्यासारखा कटर, ज्याच्या खाचेत दोरी घालून ओढली की दोरीचे दोन तुकडे. तिन्ही तिने मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, टॉवेलात गुंडाळून ठेवली होती. ती बॅग काउंटरवर द्यायची होती.

इथे मी घरात शिरलो.

"ही बॅग कुठे चालली?"

"चेक-इनला."

"माझ्या हयातीत नाही."

आता माझी बाजू ऐका. सहा वर्षांपूर्वी एका विमान कंपनीने माझी बॅग हरवली होती. दुसरा कोणी असता तर रडला असता. मी 'बॅगा जातात कुठे?' अशी तीन भागांची मालिका लिहिली. चौथा भाग संपादकांनी छापला नाही, कारण त्यांच्या मते पहिल्या तीन भागांतही बॅग सापडलेली नव्हती. तेव्हापासून मी कुठल्याही विमान कंपनीच्या हातात सामान दिलेलं नाही. माझं सगळं माझ्याबरोबर, माझ्या डोक्यावरच्या कप्प्यात. लोक त्याला हट्ट म्हणतात. मी तत्त्व म्हणतो.

"अहो, पण त्यात सुरी आहे," बायको म्हणाली.

"सुरक्षा उपकरण आहे."

"सुरी आहे. धार आहे तिला."

"टोक बोथट आहे. नियमात 'टोकदार' असं लिहिलंय. बाजूच्या धारेबद्दल नियमात अवाक्षर नाही."

बायकोसमोर दहावीच्या बहात्तर पोरांचे पेपर पडले होते. तिने एक सुस्कारा सोडला. "तुम्हाला काय करायचं ते करा. पण त्या तीन वस्तू तिथे पोचल्या पाहिजेत. नाहीतर ती पोरगी मला बोटीत बसवून परत आणेल, आणि ते मला सोसणार नाही. एवढं लक्षात ठेवा."

मी ठेवलं. आणि व्यावसायिक माणसाप्रमाणे कामाला लागलो. बातमी असो वा सुरी, तीन सूत्रांकडून खातरजमा केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पहिलं सूत्र, विमान कंपनीचा मदत विभाग. सतरा मिनिटं बासरी ऐकल्यावर एक मुलगा बोलला.

"हातबॅगेत सुरक्षा उपकरणं चालतात का?" मी विचारलं.

"कुठली, सर?"

"पाण्यात जीव वाचवणारी."

"म्हणजे लाइफ जॅकेटसारखी?"

"त्याच घराण्यातली." (हे खोटं नाही. सख्खी नसतील, चुलत तर आहेत.)

"मग हरकत नसावी, सर."

मी वहीत तारीख, वेळ आणि 'हरकत नाही' असं लिहून घेतलं. (थोडं संपादन करावंच लागतं.)

दुसरं सूत्र, विमानतळाच्या बातम्या करणारा माझा जुना सहकारी. तो म्हणाला, "नियम मला माहीत नाही. पण तू भांडायला लागलास की ते कंटाळून सोडून देतील." मी लिहिलं, 'जाणकारांच्या मते सोडतात.'

तिसरं सूत्र मी स्वतः. मी मागच्या वर्षी नेलकटर घेऊन गेलो होतो आणि कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

शिवाय मी विमानतळाच्या वेबसाइटवरून नियमावली छापून घेतली. 'सहा सेंटिमीटरपेक्षा कमी पात्याची कात्री चालेल' या ओळीखाली लाल रेघ मारली. बायकोच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन कात्री मोजली. साडेपाच! सुरी आठ भरली, पण सुरीबद्दल त्या पानावर काही नव्हतंच, आणि ज्याला मनाई नाही त्याला परवानगी आहे, हे लोकशाहीचं मूलतत्त्व आहे. तिन्ही वस्तू मी हातबॅगेत अगदी वर, पांढऱ्या नॅपकिनवर ओळीने मांडल्या. दाताच्या डॉक्टरांकडे मांडतात तशा. लपवाछपवी करणाऱ्यांपैकी मी नाही.

*

शुक्रवारी विमानतळावर आम्ही दीड तास आधी पोचलो. माझा पट्टा, घड्याळ, बूट, पेन, दुसरं पेन हे सगळं ट्रेमध्ये गेलं आणि मी एका हाताने पँट धरून पलीकडे उभा राहिलो. बायकोची बॅग सरकत आली. मग तिच्या फिन्स आल्या. मग माझी हातबॅग मशीनमध्ये गेली आणि आतच राहिली.

पडद्यासमोरच्या माणसाने मशीनचा सरकता पट्टा थांबवला. मागे घेतला. पुढे घेतला. शेजारच्याला बोलावलं. पहिल्यांदाच सोनोग्राफी बघणाऱ्या आईबापांसारखे ते दोघे त्या पडद्याकडे बघत राहिले.

"बॅग कोणाची?" सुरक्षेवरच्या बाईंनी विचारलं.

"माझी!" मी म्हणालो. बायको एका जाहिरातीकडे बघायला लागली.

बाईंनी बॅग उघडली. नॅपकिनकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा नॅपकिनकडे.

"सर, ही सुरी आहे."

"सुरक्षा उपकरण आहे. आणि आपण दोघंही सुरक्षेसाठीच आहोत."

"सर, सुरी विमानात नेता येत नाही."

"कोणत्या कलमाखाली?"

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. (बायको सुस्कारा सोडते त्याआधी घेते, तसाच. या बायका कुठे भेटतात एकमेकींना?) मी माझा कागद काढला, उलगडला, लाल रेघेवर बोट ठेवलं.

"कात्री साडेपाच सेंटिमीटर आहे. मोजून आणलीय. पट्टी पाहिजे?"

"कात्री न्या तुम्ही. कात्रीला ना नाही."

"एकटी कात्री नाही! हा संच आहे. तिन्ही जातील, नाहीतर एकही नाही."

"मग एकही नाही," त्या म्हणाल्या.

मी वरिष्ठांना बोलवायला सांगितलं. वरिष्ठ आले. किडकिडीत, शांत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. सूत्र एक, सूत्र दोन, सूत्र तीन, लोकशाहीचं मूलतत्त्व. मग त्यांनी माझा कागद हातात घेतला, चष्मा लावला आणि कागद उलटा केला.

"मागचं पान वाचलंत?"

मागे पान होतं. आमच्या घरचा प्रिंटर कागद वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंनी छापतो, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणापर्यंत ते माझ्याविरुद्ध वापरलं जाईल असं वाटलं नव्हतं.

वरिष्ठांनी वाचून दाखवलं, "'पाण्याखाली वापरायच्या सुऱ्या, कटर आणि तत्सम साधनं केवळ चेक-इन सामानात.' स्पष्ट आहे, नाही का?"

एकतीस वर्षं मी मंत्र्यांना, आयुक्तांना, महापौरांना भर पत्रकार परिषदेत विचारत आलोय, 'अहवालाचं मागचं पान वाचलंत का?' त्यांचे चेहरे कसे व्हायचे ते मला माहितेय. माझा कसा झाला ते बायकोने बघितलं. जाहिरात सोडून मुद्दाम बघितलं.

"हरकत नाही," वरिष्ठ समजुतीने म्हणाले. "वेळ आहे अजून. काउंटर पंचवीस मिनिटांनी बंद होईल. परत जा, ही साधनं बॅगेत घालून तिथे द्या आणि या. आमचा माणूस बाहेर सोडेल तुम्हाला."

कुठल्याही समंजस माणसाने इथे आभार मानले असते. माझा मात्र संताप झाला. समोरचा माणूस असा गोड बोलायला लागला, की कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला अनुभवाने कळतं.

"तुम्ही मला वाट दाखवून मुद्दा टाळताय," मी म्हणालो. "पुढचं पान एक म्हणतं, मागचं दुसरं. सामान्य प्रवाशाने कुठल्या पानावर विश्वास ठेवायचा?"

"दोन्ही पानांवर," वरिष्ठ म्हणाले.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "मी जाऊन देऊन येते. पाच मिनिटांचं काम आहे."

"तू थांब. हा आता तुझ्यामाझ्या सुरीचा प्रश्न राहिलेला नाही."

"मग कोणाच्या सुरीचा आहे?"

याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी तक्रार-वही मागितली. ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. (लिहून घ्या! माहीत नव्हतं!) शेवटी एका कपाटामागून निघाली. धूळ झटकली. उघडली. कोरी करकरीत. एकही तक्रार नाही. हजारो माणसं रोज इथून जातात आणि एकाच्याही पाठीला कणा नाही!

मी बसलो. पँट गुडघ्यांच्या चिमटीत धरली आणि लिहायला घेतलं. वर मथळा दिला. मग मुख्य परिच्छेद. मग पार्श्वभूमी, त्यात माझ्या मालिकेचा ओझरता उल्लेख. मग मुद्दे. लिहिताना मला जगाचं भान राहत नाही. पहिल्या पानावर पेन अडखळत होतं, दुसऱ्यावर ते पळायला लागलं, तिसऱ्यावर तर मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला. मुद्दा क्रमांक सात मांडत होतो, तेव्हा खांद्यावर हात पडला.

"झालं?" बायको.

"आता कुठे रंगात आलंय. हे बघ, मी यांना सरळ विचारलंय की समोर ट्रेमध्ये पडलेल्या या तीन वस्तू..."

मी ट्रेकडे बोट दाखवलं. ट्रे रिकामा होता.

"जप्त केल्या!" मी ओरडलो. रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं. "मला न विचारता जप्त केल्या!"

"मी देऊन आले," बायको म्हणाली.

"काय?"

"त्या बाईंना विचारलं, त्यांनी माणूस बरोबर दिला. खालच्या दुकानात एक बॅग मिळाली, लहान मुलांची आहे, ऑक्टोपसचं चित्र असलेली. त्यात तिन्ही घातल्या, काउंटरवर दिल्या, पावती घेतली, पुन्हा रांगेत उभी राहिले, तपासणी करून घेतली आणि आले. येताना पाणी पण प्यायले."

मी तिच्याकडे बघत राहिलो. गेली वीस मिनिटं मी ज्या सुरीसाठी लढत होतो, ती सुरी कधीच ऑक्टोपसमध्ये बसून विमानाकडे निघून गेली होती.

"अगं, तू माझा मुद्दाच काढून घेतलास!"

"चला. शेवटची घोषणा होईल आता."

"असं कसं चला? वरिष्ठांची सही राहिलीय. सही नसेल तर या नोंदीला अर्थ नाही. उद्या म्हणतील, आमच्याकडे तक्रारच नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. फळ्यावरचं सोपं गणित तिसऱ्यांदा चुकवणाऱ्या पोराकडे ती असंच बघत असणार.

"अहो," ती म्हणाली, "मला ते विमान पकडायचंय. तुम्हाला काय पकडायचंय ते तुम्ही बघा."

आणि ती गेली. काखेत फिन्स, खांद्याला बॅग, ताठ मानेने. मागे वळून बघितलं नाही. मी मनात म्हटलं, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, गाठतोच.

"साहेब, एवढी सही," मी म्हणालो.

"करतो की," वरिष्ठ म्हणाले. "पण वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही."

आणि त्यांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, चारही पानं वाचायला सुरुवात केली. एकतीस वर्षांत माझं लिखाण इतकं मन लावून कोणी वाचलं नव्हतं. आमच्या संपादकांनी नाही, ज्यांच्याविरुद्ध लिहिलं त्यांनी नाही, बायकोने तर नाहीच. आयुष्यात एकदा असा वाचक भेटावा आणि नेमका तेव्हा भेटावा! मध्येच ते थांबून म्हणाले, "तिसऱ्या पानावर हा मुद्दा पुन्हा आलाय."

"वजन यावं म्हणून."

"गरज नव्हती," असं म्हणून ते पुढे वाचायला लागले.

सही झाली. क्रमांक पडला. तक्रार क्रमांक एक. मी धावलो. एका हातात बॅग, एका हातात पँट. दाराशी पोचलो तेव्हा तिथला मुलगा दोरी लावत होता.

"दार बंद झालंय, सर."

"विमान समोर उभं आहे! मला दिसतंय!"

"मलाही दिसतंय, सर. पण दार बंद झालंय."

"माझी बायको आत आहे. तिने सांगितलं नाही, नवरा येतोय म्हणून?"

मुलगा जरा घुटमळला. "मॅडमना आम्ही विचारलं होतं, कोणासाठी थांबायचं का. त्या म्हणाल्या, 'नको, त्यांचं काम चाललंय.'"

काचेतून मी विमान सरकताना बघितलं. तक्रार-वहीत लिहायला अजून एक मुद्दा होता, पण वही मागायला परत जायचं धैर्य झालं नाही.

*

घरी दार सासूबाईंनी उघडलं. वय ब्याऐंशी, नजर शाबूत.

"अगोबाई, जावईबापू! काही विसरलात का?"

"हो."

"काय?"

"विमान."

त्यांनी माझ्या पँटीकडे बघितलं. "आणि पट्टाही, वाटतं." मग आत गेल्या आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आल्या. तिकडून बायकोचा फोन येईपर्यंत त्या माझ्यासमोर बसून होत्या. हसत नव्हत्या. हसत नव्हत्या, हे फार वाईट होतं.

फोन आला.

"पोचले," बायको म्हणाली.

"आणि बॅग? बॅग आली का?" मी श्वास रोखून विचारलं. काय उत्तर यावं अशी माझी इच्छा होती, ते मी कोणालाही सांगणार नाही.

"पहिलीच आली. पट्ट्यावर सगळ्यांच्या पुढे तो ऑक्टोपस."

माझ्या तीन भागांच्या मालिकेवर असा बोळा आजवर कोणी फिरवला नव्हता.

"त्या पोरीने तिन्ही साधनं बघितली. चांगली आहेत म्हणाली," बायको पुढे म्हणाली. "उद्या सातला. विमानातून बघितलं, खालचं पाणी अगदी निळं आहे, तळ दिसत नाही."

एकतीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारले. कोणाला धीर द्यायची वेळ आली की मला शब्द सुचत नाहीत. मी म्हणालो, "मी उद्याच्या विमानाने येतोय."

"या," ती म्हणाली. "पण एक करा. शांतपणे या."

दुसऱ्या दिवशी मी शांतपणे गेलो. हातबॅगेत दोन शर्ट आणि एक वर्तमानपत्र. तपासणीच्या पट्ट्यापाशी त्याच बाई होत्या. त्यांनी माझी बॅग पलीकडून आपणहून हातात घेतली, उघडली, तळापर्यंत चाचपली. चेहरा पडला.

"आज काहीच नाही?"

"नाही."

"पत्नी पोचल्या ना व्यवस्थित?"

"पोचल्या."

"त्या फार समजूतदार आहेत," असं म्हणून त्यांनी एका कप्प्यातून माझा पट्टा काढून दिला. त्याला एक कागद टाचला होता. तक्रार क्रमांक एकचं उत्तर. मी उभ्या उभ्या उघडलं. 'तक्रारदाराच्या पत्नीने वस्तू योग्य रीतीने पाठवल्या आहेत. प्रकरण निकाली.' खाली तीच सुरेख सही. चार पानांना दोन ओळींचं उत्तर! मी उसळून काही बोलणार होतो. पण पलीकडे दार उघडं होतं आणि विमान अजून उभं होतं. मी पट्टा लावला आणि गेलो. (माझ्या कारकिर्दीतली ही पहिली माघार. कृपया कुठे छापू नये.)

*

बेटाच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बोट लांबून येताना दिसत होती. मी हाताची सावली करून बघत राहिलो. बोटीवर सगळी माणसं काळ्या घट्ट पोशाखात, ओल्या सील प्राण्यांसारखी एकाला झाकावं दुसऱ्याला काढावं अशी. माझी कोणती, तेच कळेना. काल मी ज्या वीस मिनिटांत मथळा लिहीत होतो, त्याच वीस मिनिटांत ती एकटी धावत होती, आणि आज ती तळ न दिसणाऱ्या पाण्यात एकटी उतरली होती. उतरली होती ना? की त्या पोरीने तिला बोटीतच बसवून ठेवलं?

बोट लागली. सगळ्यात पुढे एक बाई बसली होती. केस कपाळाला चिकटलेले, चेहऱ्यावर मास्कचा लाल गोल वळ, फिन्स मांडीवर. तोंडभर हसू. सत्तावीस वर्षांच्या संसारात हे हसू मी बघितलं नव्हतं. कुठे ठेवलं होतं तिने?

"काका, बाई पास!" शिकवणारी मुलगी बोटीतूनच ओरडली. उन्हाने रापलेली, आवाज खणखणीत. "दोन्ही बुड्या! खाली मास्कमध्ये पाणी भरून काढायची परीक्षा असते ना, तिथे भले भले पुरुष धडपडतात. बाई गुडघ्यांवर बसून राहिल्या, एकदाही घाबरल्या नाहीत. श्वास असा, घड्याळासारखा!"

बायको धक्क्यावर उतरली. मी तिच्या फिन्स हातात घेतल्या. आणि सवयीने बातमीदाराचा प्रश्न विचारला.

"खाली काय बघितलंस?"

"एक मासा आला. मोठा, करडा, गंभीर चेहऱ्याचा. माझ्या अगदी समोर थांबला. माझ्याकडे बघितलं. काही म्हणाला नाही, आणि गेला." तिचे डोळे भरून आले. "अहो, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे बघून काहीही न म्हणता गेलं."

मला एकदम भरून आलं. खरंच आलं. मनात म्हटलं, हिच्या आनंदात आपण कुठेच नाही. ही खाली, आपण वर. ही विमानात, आपण तक्रार-वहीत. हे बदललं पाहिजे. मी तिचा ओला हात हातात घेतला.

"ऐक," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी मीही शिकतो. आपण दोघं बरोबर जाऊ. खाली."

सकाळपासून दोनदा समुद्राच्या तळाशी जाऊन आलेल्या त्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा भीती दिसली. तिने हात सोडवून घेतला आणि ती मुलीकडे वळली.

"काय गं, याला वयाची काही मर्यादा असेल ना?"

"नाही बाई. तब्येत ठीक असली की झालं."

"ह्यांची तब्येत ठणठणीत आहे," बायको खिन्नपणे म्हणाली.

मुलगी हुशार. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्या बाईंकडे, आणि आवाज खाली आणला. (पण एकतीस वर्षं बंद दारांबाहेर उभं राहून माझे कान तयार झालेत.)

"बाई, मग आपण एक नियमच करू या का? पत्रकारांना प्रवेश नाही म्हणून? आज संध्याकाळीच पाटी लावते."

बायकोने तिचं मनगट घट्ट पकडलं.

"नको गं बाई, नियम अजिबात करू नकोस! नियम केलास, तर हे नक्की येतील!"